सासऱ्यांचं बटण

माझ्या सासऱ्यांच्या सबंध शरीरात एकच बोट हलत होतं, आणि संगणक त्या बोटाला माऊस समजत होता. एवढीशी गोष्ट. रविवारची एक दुपार पुरेल, असं मी बायकोला सांगितलं. ब्लांकानं न्हाणीघराकडे पाहिलं. न्हाणीघराचा नळ, गॅलरीचं दार आणि तळघरातला दिवा यांनाही मी रविवारची एकेक दुपार कबूल केली होती आणि तिन्ही प्रकरणं अजून न्यायप्रविष्ट होती.

सासरे म्हणजे लुबोर कोवांदा. पोटासाठी त्यांनी रेल्वेच्या कचेरीत नोकरी केली, पण रेल्वेचा माणूस म्हणून त्यांना जिल्ह्यात कुणी ओळखत नसे. दर रविवारी आमच्या ब्रनो शहराच्या आसपासच्या कुठल्यातरी गावच्या चिखलात फुटबॉलचा रेफ्री म्हणून उभं राहायचं, दोन्ही गावांच्या शिव्या खायच्या, वर मोहरी लावून एक सॉसेज खायचं आणि घरी यायचं, हे त्यांचं खरं आयुष्य. रेफ्रीनं कारण द्यायचं नसतं, हा त्यांचा एकमेव सिद्धांत. शिट्टी वाजवायची आणि बोट दाखवायचं. घरीही तोच कारभार. आमच्या लग्नात मी नगरभवनात उशिरा पोचलो (ट्राम बंद पडली होती, पण ऐकतो कोण), तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून पिवळं कार्ड काढून सगळ्या पाहुण्यांदेखत माझ्या नाकासमोर धरलं. संध्याकाळी नाचगाणं ऐन रंगात आलेलं असताना ते उठले आणि दोन छोट्या आणि एक लांबलचक अशी शिट्टी वाजवली. सामना संपला. पाहुणे निमूटपणे कोट चढवून घरी गेले. माझी मामेबहीण तर केक अर्धा टाकून गेली.

एका वसंतात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले, घास गिळणं अवघड झालं. डोकं मात्र शाबूत राहिलं आणि खरी पंचाईत तीच होती. उरलं ते उजव्या हाताचं पहिलं बोट. पेनल्टीच्या ठिपक्याकडे दाखवायचं तेच. आम्ही त्यांना आमच्या सहाव्या मजल्यावरच्या घरी आणलं, आतल्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला आणि त्यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधायला लागलो. आमचे अंदाज चुकीचे असत हे त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं. बरोबर काय, ते कळायचं नाही.

अशा रुग्णांसाठी एक खास बटण मिळतं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जातात. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर उजळलं की पुन्हा दाबायचं. विमा कंपनीकडे अर्ज केला. अर्जावर रुग्णाची सही हवी होती. सही करता येत नसेल तर रुग्णानं कचेरीत समक्ष येऊन, का करता येत नाही ते तोंडी सांगावं, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांचं बोट हळूच वर आलं आणि दाराकडे वळलं. मैदानाबाहेर काढायची ती खूण होती, पण ती विमा कंपनीसाठी होती की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही.

मग ब्लांकाला तिची लहानपणची जॉयस्टिक आठवली. ती तळघरात सापडली. अंधारात, कारण तो दिवा. जुन्या काळी आपल्याकडेच कुठल्याशा सहकारी कारखान्यात बनलेली, काळी, जड आणि डोक्यावर लाल बटण. बोट त्या बटणावर बरोबर बसलं. दांडा पलंगाच्या कठड्याला अडकत होता म्हणून मी तो करवतीनं कापला आणि त्या भरात अंगठ्याचंही थोडं नुकसान केलं. चौथ्या मजल्यावरच्या श्रामकोवा काकू आमच्या इमारतीच्या समितीच्या अध्यक्षा. अंगठ्याला हंसाची चरबी लावायचा सल्ला त्यांनी दिला. तोच सल्ला त्यांनी सासऱ्यांच्या गळ्यासाठीही दिला होता.

जॉयस्टिकची पिन जुन्या पद्धतीची, म्हणून मध्ये जोडायला एक डबी आणली. डबी भुक्कड होती. आता इथे थोडं सोसून ऐका. संगणकाच्या अगदी तळाशी एक गाभा असतो, त्याला धंद्यात कर्नल म्हणतात. किबोर्ड, माऊस, जॉयस्टिक यांच्यापैकी कुणी दार वाजवलं की कोण आहे म्हणून चौकशी करणारं एक खातं त्या गाभ्यात असतं. आमच्या डबीनं दार वाजवून, मी माऊस, असं बेधडक सांगितलं. खात्यानं विश्वास ठेवला. झालं, सासऱ्यांनी बटण दाबलं की पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा कोपऱ्यात धावायचा. यावर उपाय म्हणजे खात्याला आधीच सांगून ठेवायचं, की अमुक डबी येईल, ती स्वतःला माऊस म्हणवेल, ती खोटारडी आहे, तिला जॉयस्टिक समजून आत घ्या. चार ओळींचं काम. मी ते आमच्या संगणकात करून टाकलं.

सासऱ्यांनी लिहिलेलं पहिलं वाक्य बघायला कुडलाचेक हजर होते. कुडलाचेक म्हणजे सासऱ्यांचे जन्माचे लाइनमन, त्यांच्याबरोबर रेषेवर झेंडा घेऊन धावणारे. ते टोपी हातात घेऊन पलंगाशी बसले होते. ब्लांकाच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. अक्षरामागून अक्षर उमटत गेलं. सूप उकळून खाली उतरेपर्यंत वाक्य पुरं झालं: ऑफसाइड नव्हता.

कुडलाचेक पांढरे पडले. रोसित्से गावच्या एका सामन्यात त्यांनी कधीकाळी ऑफसाइडचा झेंडा वर केला होता. "इतकी वर्षं पोटात ठेवलंत, लुबोर?" एवढं म्हणून ते टोपी घालून निघून गेले. पुढच्या रविवारी घरच्या प्लमच्या दारूची बाटली घेऊन परत आले, पण ऑफसाइड होताच, हे दारातूनच सांगून मग आत आले. त्यानंतर सासऱ्यांची वाणी जोरात सुरू झाली. सूप खारट. रेडिओ बंद. जावईबापू, सरका, खिडकी. घरात पुन्हा कुणीतरी मोठं माणूस आल्यासारखं वाटू लागलं.

इथे थांबलो असतो तर ही कथा झाली नसती. पण संगणकाचा गाभा दर काही आठवड्यांनी नवा येतो, आणि नव्यात माझ्या चार ओळी नव्हत्या. एका सकाळी सासरे शब्दाच्या मध्येच मुके झाले आणि मी कचेरीतून येईपर्यंत मुकेच राहिले. ब्लांकानं मला दारातच विचारलं, की बाबांचं बोलणं असं कुणीही येऊन पुसू शकतं का? तेव्हा मी ठरवलं की या ओळी सगळं जग वापरतं त्या मूळ गाभ्यातच घालायच्या, म्हणजे कुणाच्या बापाला पुसता येणार नाहीत. आणि शिवाय, ओळींबरोबर माझं नाव लागलं असतं.

हे नावाचं प्रकरण समजायला आमची कंपनी बघायला हवी. तिसऱ्या मजल्यावर गाभ्याची माणसं बसतात. तळमजल्यावर मी बसतो. माझ्याकडे प्रिंटर आहेत. गाभ्याची माणसं लिफ्टमध्ये असली की प्रिंटरवाले जिन्यानं जातात. तसा नियम नाही, पण जातात. एकदा त्यांच्यातल्या एकानं मला आपणहून हाक मारली होती; त्याला कागद अडकलेला काढून हवा होता.

गाभ्यात ओळी घालायच्या तर त्या ईमेलनं, चारचौघांसमोर, त्या खात्याच्या टपालमंडळीत, म्हणजे तो गाभा सांभाळणाऱ्या जगभरच्या लोकांच्या ईमेल-यादीत, मांडाव्या लागतात. तिथे तार्मो नावाचा एस्टोनियाचा गृहस्थ दारावर बसलेला असे. मी पहिलं पत्र कंपनीच्या पत्त्यावरून पाठवलं. कंपनीच्या वकिलांनी प्रत्येक पत्राखाली आपोआप एक मजकूर डकवलेला असतो, की हे गोपनीय आहे, आपल्यासाठी नसल्यास तात्काळ नष्ट करावं. तार्मोचं उत्तर आलं: सूचनेप्रमाणे नष्ट केलं आहे.

दुसरं पत्र घरच्या पत्त्यावरून पाठवलं. माझ्या ईमेलच्या प्रोग्रॅमनं ओळींपुढच्या मोकळ्या जागा आपल्या मर्जीनं बदलल्या होत्या. परत आलं. तिसऱ्या पत्रात मी ओळी काय करतात ते तपशिलानं लिहिलं. तार्मोनं लिहिलं की, काय करतात ते दिसतंय, का करतात ते लिहा. मी लिहिलं: माझे सासरे. तो म्हणाला: विस्तार करा. मग मी चिडून सगळं लिहिलं. पक्षाघात, विमा कंपनी, करवत, ऑफसाइड. या वेळी उत्तर यायला बराच वेळ लागला. त्यानं एवढंच विचारलं होतं, की ऑफसाइड होता का.

हे चाललं असताना शरद ऋतू आला आणि सासऱ्यांना गिळणं जमेनासं झालं. पाण्याच्या घोटालाही ठसका लागायचा. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात नळी बसवावी लागेल आणि घरी झेपणार नाही, तेव्हा दीर्घ आजारांच्या रुग्णालयात हलवावं लागेल. त्या रुग्णालयाचं नाव ब्रनोत कुणी मोठ्यानं घेत नाही. नळी बसवली तर वर्षानुवर्षं काढतील, असंही बाई म्हणाल्या. त्यांनी ते आशेनं सांगितलं. ब्लांका दिवसभर कपाटं आवरत राहिली.

आम्ही त्यावर बोलायचो ते जेवणाच्या टेबलाशी, आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून, कारण दार लावणं बरं दिसलं नसतं. आणि नेमकं त्याच दिवसांत पडद्यावर कचरा दिसायला लागला. शब्द नाहीत, नुसती भलतीसलती अक्षरं. बटण एकदा दाबायच्या जागी भराभर दोनदा, मग मध्येच घट्ट धरून ठेवल्यासारखं. मी निदान केलं. जुन्या बटणाच्या आतली पत्ती सैल झाली की थरथरते, आणि एका दाबण्याची संगणकाला दोन-तीन दाबणी वाटतात. यात शंकेला जागा नव्हती. पुस्तकात तसंच दिलेलं आहे.

प्रथम पत्ती साफ केली. कुडलाचेकांच्या मते त्यासाठी त्यांच्याच घरची प्लमची दारू लागणार होती. त्यातली थोडी पत्तीला लागली. काही फरक नाही. श्रामकोवा काकूंनी सांगितलं, हा भिंतींच्या सांध्यांतल्या ओलीचा परिणाम आहे. त्यांनी तो विषय समितीच्या बैठकीत मांडला आणि इतिवृत्तात ‘सहावा मजला, बटण’ असं कलम लागलं, ते अजून निकाली निघालेलं नाही. मी अखेर आतलं बटणच बदललं. नवं कोरं. तरी कचरा तसाच. इथे एखाद्या सरळ माणसानं विचार केला असता की थरथर पत्तीची नव्हतीच मुळी. मी विचार केला की थरथर डबीत आहे, आणि गाळणी लिहायला घेतली.

गाळणीची कल्पना सुबक होती. एका दाबण्यामागून लगेच दुसरं आलं तर ते खोटं समजायचं आणि गाभ्यातच गिळून टाकायचं. वर कुणाला कळायलाही नको. ती मी अधिकाधिक बारीक विणत गेलो. लांब धरून ठेवलेलं दाबणंही खोटं धरलं. शेवटी पडदा आरशासारखा स्वच्छ झाला. मी ब्लांकाला बोलावून दाखवलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "पण बाबा काहीच बोलत नाहीयेत."

मी म्हटलं, थकले असतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मनाचा आजार, त्यावर गोळी आहे. गोळी ते गिळू शकत नव्हते, म्हणजे पुन्हा नळीच आली. बाईंनी कागद पाठवला. रुग्णाला स्वतःची इच्छा सांगता येत नसल्यास मुलीनं सही करावी, असा. सोमवारी सही करायचं ठरलं. सासरे खिडकीकडे बघत पडून असायचे आणि बोट बटणावर असायचं. कधी कधी ते माझ्याकडे बघायचे. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं आणि मी ते कौतुक समजून घेतलं.

गाळणी मी तार्मोकडे पाठवली. त्याला ती आवडली नाही. गिळलेलं दाबणं माणसाचं नव्हतं, हे तुम्हाला कसं कळलं, असं त्यानं विचारलं. मी लिहिलं, मी त्यांचा जावई आहे. तांत्रिक चर्चेत हा मुद्दा टिकला नाही. मग माणसाचं बोट जास्तीत जास्त किती भरभर दाबू शकतं, यावर जगभरची मंडळी तुटून पडली. ब्राझीलच्या एकानं स्वतःचं बोट मोजलं. जपानच्या एकानं पियानो वाजवणाऱ्या मावशीचं मोजलं. माझ्या सासऱ्यांचं बोट इतकं जगप्रसिद्ध झालं असताना तिसऱ्या मजल्यावरचा एक जण लिफ्टमधून मला म्हणाला, "ते सासरेवाले तुम्हीच ना?" मी त्या दिवशी जिन्यानं गेलो नाही. सगळ्यांच्या शेवटी तार्मोचा निकाल आला: गाळणी काय काय गिळते ते आधी ऐकवा, मग बघू.

ऐकवा, हे त्यानं अक्षरशः लिहिलं होतं. संगणकात एक चिमुकली पिपाणी असते, बारीक टूं करणारी, आणि तीही याच किबोर्ड-माऊसच्या खात्यात येते. ती त्या खात्यात का, हे खात्यालाही नीट ठाऊक नसावं. ती पिपाणी बटणाला थेट जोडायची, गाळणीच्या अलीकडे. बटण दाबलेलं असेल तितका वेळ ती वाजेल. म्हणजे खोटी दाबणी कानांनी मोजता येतील आणि एस्टोनियाचं तोंड बंद होईल. रविवारी दुपारी मी ते बसवायला घेतलं.

स्वयंपाकघरात ब्लांका बदकाबरोबरचे मैद्याचे गोळे उकडत होती. बाहेरच्या खोलीत श्रामकोवा काकू आणि कुडलाचेक सोमवारच्या सहीवर चर्चा करत होते. काकूंचं म्हणणं, नळी बसवायलाच हवी, माणसाला उपाशी मारतं का कुणी. कुडलाचेकांचा साडू नळीवर चार वर्षं जगला होता. कसा होता, असं काकूंनी विचारलं, तेव्हा कुडलाचेक म्हणाले, "होता." मी आतल्या खोलीत पलंगाशी खाली बसून तार जोडली. पिपाणी सुरू झाली.

टूं. टूं. टूंऽऽऽ.

मी खूश झालो. दोन आखूड, एक लांब. थरथरीचा असा सुरेख नमुना मिळायला नशीब लागतं.

टूं. टूं. टूंऽऽऽ.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी मान वळवली तर कुडलाचेक उभे राहिले होते. कुणी सांगितल्याशिवाय, बोलणं अर्धं टाकून. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि दोन पावलं खोलीच्या मध्याकडे टाकली, आणि मग आपण का उठलो ते न कळल्यासारखे तिथेच थांबले. स्वयंपाकघरातून ब्लांका आली. तिच्या हातात झारा होता आणि त्यातून पाणी जमिनीवर गळत होतं. लहानपणी दर रविवारी ती बापाबरोबर मैदानाच्या कडेला उभी असायची.

"हे कधीपासून वाजतंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, वाजायला आत्ताच लागलंय. पण चालू पुष्कळ दिवस आहे.

"नळीचं बोलायला लागल्यापासून?"

मी पलंगाशी खाली बसून होतो, हातात तार होती, आणि मला कळत होतं की या माणसानं आठवडेच्या आठवडे आपल्या एका बोटानं सामना संपल्याची शिट्टी वाजवली, आणि मी बुद्धी पणाला लावून ती गिळणारं यंत्र केलं, आणि ते सगळ्या जगाच्या संगणकांत बसवायला निघालो होतो. मला इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती. रेफ्री कारण देत नाही, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. लिहून सांगायला त्यांना अक्षरं होती. पण शिट्टी वाजवल्यावर लिहून कोण देतं?

ब्लांका पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, संपवलात?" तिनं विचारलं. "नळी नको?"

मी गाळणी काढून टाकली. चार शब्द मला टाइप करायला लागले, त्यात तीन चुकले. पडद्यावर ओळी उजळायला लागल्या. श्रामकोवा काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांना सल्ला सुचला नाही. स्वयंपाकघरात गोळे उकळून फुटून गेले. एकेक अक्षर येत होतं आणि कुणी अंदाज बांधून शब्द पुरा केला नाही.

जादा वेळ नको.

ब्लांकानं कपाळ त्यांच्या हातावर टेकलं. मग तिनं डोळे पुसले, कारण ते बोट पुन्हा हललं होतं आणि या वेळी पलंगाशेजारच्या खणाकडे वळलं होतं. तिनं खण उघडला. आत शिट्टी, जुनं घड्याळ आणि कार्डं होती. कुठलं, असं तिनं विचारलं नाही. पिवळं काढलं आणि माझ्यासमोर धरलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. मैदानावर तसंच उभं राहतात.

"लग्नातलं एक आहे त्याच्या नावावर," श्रामकोवा काकू हळूच म्हणाल्या. "दोन पिवळी झाली की बाहेर ना?"

"तो सामना वेगळा," कुडलाचेक म्हणाले. "तो धरत नाहीत."

सोमवारी सही झाली नाही, पण न करणं हे करण्याहून जड निघालं. रुग्णाला इच्छा सांगता येत नाही असं कागदावर आधीच ठरलेलं होतं, आणि ज्याला इच्छा सांगता येत नाही त्यानं नकार कसा दिला, हे इस्पितळाला पटेना. अखेर डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. सासऱ्यांनी शिट्टी वाजवली. बाईंना फुटबॉल ठाऊक नव्हता. कुडलाचेकांनी तो त्यांना मुळापासून समजावला, ऑफसाइडसकट, आणि बाई शेवटी थकून म्हणाल्या, मला समजलं. जाताना त्यांनी ब्लांकाला जवळ घेतलं. मग घरी येऊन बघणारी एक परिचारिका ठरली, वेदना होऊ नयेत याची औषधं आली आणि नळीचा विषय निघणं बंद झालं.

मी टपालमंडळीला लिहिलं: गाळणी मागे घेत आहे. ती गिळत होती ते माणसाचं होतं. मोजमापाची चर्चा तिथल्या तिथे थांबली. जपानच्या माणसानं एक ओळ लिहिली, की मावशीला सांगतो. तार्मोनं लिहिलं की, डबीच्या पहिल्या चार ओळी तो घेतोय, मात्र रिवाजाप्रमाणे, यंत्र वापरणाऱ्यानं ‘तपासून पाहिलं’ असं स्वतः म्हणायला हवं. जावयानं म्हणून चालायचं नाही. मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले, म्हणून मी नाद सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर एकच शब्द उभा होता: चालतं. मी तो जसाच्या तसा पाठवला. माझ्याबद्दल त्यांनी काढलेले हे सर्वांत चांगले उद्गार.

पहिलं बर्फ पडायच्या आधी ते गेले. दुपारी, झोपेत, ब्लांका शेजारी बसून शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत असताना. स्मशानगृहात कुडलाचेकांनी शिट्टी वाजवायचं ठरवलं होतं, पण ओठांशी नेल्यावर त्यांना ती फुंकवेना. त्यांनी ती ब्लांकाकडे दिली. ब्लांकानं वाजवली, आणि माणसं निमूटपणे कोट चढवून घरी गेली.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. मी तळमजल्यावरच आहे, पण लिफ्टनं जातो. तळघरात दिवा लागला आहे. परवा टपालमंडळीत तार्मोचं पत्र आलं. खात्यात जुन्या यंत्रांची अडगळ फार झाली आहे, तेव्हा खालील डब्या कुणी वापरत नसेल तर त्यांच्या ओळी काढून टाकतो. यादीत आमची डबी होती. तिथला रिवाज असा आहे, की जगात एकही माणूस ‘मी वापरतो’ म्हणाला तर ओळी राहतात. तिसऱ्या मजल्यावरून मला निरोप आला, की हात वर करा, सासरेवाले, एक माणूस पुरतो.

मी कपाटावरून जॉयस्टिक काढली, धूळ पुसली आणि जोडली. खात्यानं तिला बिनतक्रार आत घेतलं. पिपाणी अजून जोडलेलीच होती. मी दाबलं. दोन आखूड, एक लांब. स्वयंपाकघरात नळ बंद झाला. ब्लांका दारात येऊन उभी राहिली, ओले हात तसेच. मी तिला पत्र दाखवलं. तिनं ते वाचलं, मग जॉयस्टिककडे पाहिलं.

"कुणी वापरतंय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तसंच लिही."

मी लिहिलं: वापरणारं कुणी नाही. काढून टाकावं. जादा वेळ नको. त्या शेवटच्या वाक्याचं कारण मी दिलं नाही आणि तार्मोनंही ते विचारलं नाही.